चौथ्या पेटीचा वेग

सहा पेट्यांपैकी पाच रोज दुपारी जवळपास तोच आकडा देत होत्या. चौथी मात्र तीन दिवस वेगळी वागली होती, आणि ते तीन दिवस कुणीतरी निवडून काढल्यासारखे होते.

तैपेईच्या नेइहू भागातल्या त्या प्रयोगशाळेत मला लागून तेव्हा पाच महिने झाले होते. तिथूनच निघणाऱ्या एका ग्राहक-मासिकाची ती प्रयोगशाळा. भाताच्या कुकरपासून घरच्या स्पीकरपर्यंत सगळं तिथे तपासलं जातं. माझ्या वाट्याला नॅस आल्या होत्या, म्हणजे घरातले फोटो, चित्रफिती, कागदपत्रं एका ठिकाणी साठवून घरच्या नेटवर्कवर सगळ्यांना पुरवणाऱ्या पेट्या. सहा कंपन्यांच्या सहा. प्रत्येकीत सारख्याच चार हार्ड डिस्क, सारख्या लांबीच्या केबली. कोणती पेटी कुणाची हे तपासणाऱ्याला कळू नये म्हणून आमच्या प्रमुख त्सेंगताईंनी त्यांच्यावर काळ्या पुठ्ठ्याची आवरणं चढवली होती आणि वर एक ते सहा आकडे चिकटवले होते. झाकणांच्या फटींवर कागदी सील. सीलवर सही माझ्याबरोबर तपासणी करणाऱ्या शांगदादांची.

कामाच्या दिवशी बरोबर दोनला चाचणी आपोआप सुरू व्हायची. प्रत्येक पेटीवर चारशे गिगाबाइट लिहायचे आणि सेकंदाला किती मेगाबाइट गेले ते नोंदवायचं. शनिवार-रविवार इमारतीचा एसी बंद, म्हणून चाचणीही बंद. असं दोन महिने चालणार होतं. मुखपृष्ठावरच्या तक्त्यात मात्र प्रत्येक पेटीचा एकच आकडा छापला जायचा, सगळ्यांत चांगल्या तीन दिवसांची सरासरी. ही पद्धत मला पहिल्यापासून पटली नव्हती, पण ती माझ्या आधीपासूनची होती.

अकरा एप्रिलला मी पहिल्यांदा सगळ्या नोंदींचा आलेख काढला. चौथी पेटी रोज एकशे ऐंशीच्या आसपास रेंगाळत होती, कधी एकशे पंचाहत्तर, कधी एकशे नव्वद. फक्त अकरा मार्च, पंचवीस मार्च आणि दहा एप्रिल या दिवशी ती दोनशे चौऱ्याहत्तरवर गेली होती. तिन्ही वेळा जवळपास तेवढीच. तीन दिवस म्हणजे मुखपृष्ठासाठी नेमके पुरेसे. माझ्याकडे सहाही कंपन्यांच्या जाहिरातींतले आकडे होते. युनहो नावाच्या कंपनीने दोनशे पंचाहत्तरचा दावा केला होता.

मी आधी यंत्राचेच दोष शोधले. केबली बदलून पाहिल्या. सगळ्या पेट्या नेटवर्कला जोडणाऱ्या स्विचच्या नोंदी वाचल्या. पेटीच्या तात्पुरत्या स्मृतीमुळे आकडा फुगला म्हणावं, तर चारशे गिगाबाइट तिच्यात मावत नाहीत, तेव्हा तोही खुलासा बाद. उष्णतेमुळे काही होत असेल म्हणून इमारतीच्या व्यवस्थापकाकडून चाचणी-खोलीच्या तापमानाची नोंद मागवली. तापमान सपाट होतं. पण त्याच कागदावर, उजवीकडच्या रकान्यात, दार कुणाच्या कार्डाने कधी उघडलं तेही छापून आलं होतं. एरवी दुपारी दोनच्या सुमारास तिथे कुणी जात नसे. अकरा मार्चला एक वाजून बावन्न मिनिटांनी वेंग रुई-शांग. पंचवीस मार्चला एक पंचावन्न, वेंग रुई-शांग. दहा एप्रिलला एक एक्कावन्न, वेंग रुई-शांग.

वेंग रुई-शांग म्हणजे शांगदादा.

मला मोजायला त्यांनी शिकवलं होतं. विद्यापीठात मी भौतिकशास्त्र शिकले, पण केबल कशी दाबून बसवायची, एकच चाचणी तीनदा का करायची, कुठल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे सगळं त्यांच्याकडून. वय सेहेचाळीस, बोलणं हळू, खिशात कायम स्क्रू-ड्रायव्हर. आणि इथे येण्याआधी सात वर्षं ते युनहोत होते. हे सगळ्यांना माहीत होतं. त्सेंगताईंनी आवरणं चढवली होती ती त्यासाठीच.

एक गोष्ट मात्र जुळत नव्हती. पहिल्या दोन दिवसांत चौदा दिवसांचं अंतर, पुढच्या दोघांत सोळाचं. दोनदा सोमवार आणि मग बुधवार. माणूस लबाडी करणार असेल तर असं अंतर का ठेवेल? या प्रश्नाचं उत्तर चहाच्या खोलीत सापडलं. मी गरम पाणी घ्यायला गेले होते. भिंतीवर तांदळाच्या दुकानाने दिलेलं कॅलेंडर होतं. दहा एप्रिलच्या आकड्याखाली बारीक लाल अक्षरांत चिनी चांद्र महिन्यातली तिथी होती, दुसरी. मी पान उलटून मागे गेले. अकरा मार्च, दुसरी. पंचवीस मार्च, सोळावी.

दुसऱ्या आणि सोळाव्या तिथीला भूमिदेवाचा नैवेद्य. आमच्या इमारतीतली प्रत्येक कचेरी त्या दिवशी खाली फुटपाथवर टेबल मांडते. हिशेब बघणाऱ्या जियानकाकू सकाळपासून फळं आणि बिस्किटांचे पुडे रचत असतात, आणि पावणेदोनला त्सेंगताईंपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे अगरबत्त्या घेऊन खाली. तास-दीड तास मजला रिकामा. एकटे शांगदादा वर राहतात. त्यांचं घराणं ताइनानचं, तीन पिढ्या ख्रिस्ती. ते अगरबत्ती हातात धरत नाहीत.

म्हणजे मजल्यावर एकच माणूस असताना, त्याच्या जुन्या कंपनीची पेटी, तिच्या जाहिरातीतल्या आकड्यापर्यंत जात होती.

त्या दिवसापासून मला शांगदादांचं सगळंच वेगळं दिसायला लागलं. ते चाचणी-खोलीच्या दारावरून जाताना क्षणभर थांबायचे. पूर्वी थांबत होते का? आठवत नव्हतं. सीलवरची सही मी भिंग घेऊन पाहिली. कागद फाटलेला नव्हता, पण ज्याची सही त्याच्याकडे नवे सीलही असतातच. झाकण उघडून हार्ड डिस्कच्या जागी वेगवान डिस्क घालायला पाच मिनिटं पुरे. स्क्रू-ड्रायव्हर तर खिशातच. मी घरी बसून हे सगळं कागदावर लिहून काढलं: काय करता येईल, किती वेळ लागेल, मागे काय खूण राहील. यादी नऊ प्रकारांची झाली. नवव्या प्रकारावर मी पोचले तेव्हा तो असा होता की त्याची खूणच राहणार नव्हती, आणि मला तोच सगळ्यांत खरा वाटला.

एकदा त्यांनी मला हटकलंसुद्धा. मी त्यांच्या टेबलावरून मुद्दाम हळू चालत होते. ते मान वर न करता म्हणाले, "यीरू, काही हरवलंय का? तिसरी फेरी आहे तुझी." मी म्हटलं, पेन शोधतेय. त्यांनी त्यांचं पेन दिलं. मी ते घेतलं, आणि जागेवर जाऊन बसल्यावर वाटलं, एवढ्या सहज कसं दिलं?

पंधरा एप्रिलला मी त्सेंगताईंच्या खोलीत गेले. आलेख, कार्डाची नोंद आणि तिथी, तिन्ही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी तिन्ही वाचली. मग दार लावून घ्यायला सांगितलं.

"चौथी कुणाची ते मी तुला सांगणार नाही," त्या म्हणाल्या.

मी सांगितलं की मला सांगायची गरज नाही.

प्रयोगशाळेचा नियम भिंतीवर लिहिलेला होता: चाचणी चालू असताना पेटीला हात लावणारा त्याच दिवशी घरी. ताईंनी तो मला वाचून दाखवला नाही, पण त्यांनी जे सांगितलं ते त्यापेक्षा वाईट होतं. अशा कारणाने एखादा गेला की ही बातमी संध्याकाळपर्यंत नेइहूतल्या प्रत्येक प्रयोगशाळेत पोचते. सेहेचाळिसाव्या वर्षी शांगला मग कुणी दारात उभं करणार नाही. "तेव्हा मला अंदाज नकोय. तुझ्या डोळ्यांनी बघ. चोवीसला सोळावी आहे. तू खाली येऊ नकोस."

मी विचारलं, कॅमेरा लावायचा का?

"कॅमेऱ्याला प्रश्न विचारता येत नाहीत मला," त्या म्हणाल्या. "तुला येतात."

पुढचे नऊ दिवस मी शांगदादांच्या शेजारी बसून नव्या स्विचची मांडणी शिकले. ते नेहमीसारखे दोनदा समजावून सांगायचे, तिसऱ्यांदा मला सांगायला लावायचे. मी त्यांच्या हातांकडे बघत राहायचे. त्यांना वाटलं असेल, पोरगी लक्ष देतेय.

चोवीस तारखेला मी जियानकाकूंना सांगितलं की पोट बिघडलंय. लिएनने ते ऐकलं. तो पलीकडच्या खोलीत स्पीकर तपासायचा आणि नैवेद्याच्या दिवशी टेबलाचं एक टोक धरून उतरवायचं काम त्याचं. "देवाला फसवतेय," तो जिना उतरता उतरता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मागच्या वेळी हिने अगरबत्तीने माझ्या शर्टाला भोक पाडलं, तेव्हापासून तोंड लपवते."

मजला रिकामा झाला. मी चाचणी-खोलीत पडद्यासमोर जाऊन बसले. एक त्रेपन्नला दार वाजलं आणि शांगदादा आत आले. हातात चिरलेल्या पेरूची पिशवी. मला बघून ते दचकले, हे मी मनात लिहून ठेवलं.

"तूही पळालीस धुरापासून?" ते म्हणाले.

समोरच्या खिडक्यांतून अगरबत्तीचा आणि देवासाठी जाळायच्या कागदी नोटांचा धूर वर येतो, या खोलीला खिडकी नाही म्हणून ते दर वेळी इथे येऊन बसतात, असं त्यांनी सांगितलं. कारण चोख होतं. मला वाटलं, फारच चोख आहे. त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि ते चौथ्या पेटीच्या पुढ्यात ठेवलं. तिथे एसीचा झोत येतो हे खरं, पण तो झोत दुसऱ्या पेटीसमोरही येतो.

दोन वाजले. सहाही पेट्यांचे दिवे लुकलुकायला लागले. पडद्यावर चौथीचा आकडा चढला: दोनशे सदुसष्ट, दोनशे बहात्तर, दोनशे चौऱ्याहत्तर. मी त्यांच्या हातांवरून नजर हलवली नाही. डाव्या हातात पिशवी, उजव्यात लाकडी काडी. काडीने पेरूची फोड उचलायची, आलुबुखाराच्या आंबट भुकटीत बुडवायची, तोंडात टाकायची. त्यांनी मला पिशवी पुढे केली. मी नको म्हटलं, पोट बिघडल्याचं सांगितलं होतं ना.

ते गप्पांच्या रंगात होते. शाळेत असताना मुलं त्यांना चिडवायची, तुम्ही पूर्वजांना उपाशी ठेवता, म्हणून तुमच्या घरात भुतं जेवायला येतात. मग त्यांच्या आजोबांनी वर्गातल्या सगळ्या मुलांना एकदा घरी जेवायला बोलावलं आणि म्हणाले, बघा, आली भुतं. मी हसले, आणि हसताना डोळे मिटू नयेत याची काळजी घेतली.

बोलता बोलता त्यांनी पडद्याकडे पाहिलं. चौथीचा आकडा बघून त्यांच्या भुवया किंचित वर गेल्या. पण ते काहीच बोलले नाहीत. इतका वर गेलेला आकडा बघून शांगदादा एरवी गप्प बसले नसते.

एरवी नैवेद्याला तास-दीड तास लागतो. त्या दिवशी कागदी नोटा खाली जाळायच्या नव्हत्या, त्या गोळा करून न्यायला नगरपालिकेची गाडी येणार होती. म्हणून मंडळी लवकर परतली. दोन वाजून अठरा मिनिटांनी जिन्यावर पावलं वाजली, टेबल भिंतीला घासल्याचा आवाज आला, लिएन कुणाला तरी बिस्किटं सांडल्याबद्दल बोलत होता. चाचणी अजून चालू होती. दोन एकवीसला माझ्या डोळ्यांसमोर चौथीचा आकडा कोसळला. दोनशे एकतीस. एकशे शहाण्णव. एकशे एक्क्याऐंशी.

शांगदादांच्या दोन्ही हातांत पेरूची पिशवी होती. ते उरलेली भुकटी झटकत होते.

मी उठले. काय बदललं ते मला आधी कळलंच नाही, कारण ते गेले पाच महिने रोज दुपारी माझ्या कानांत होतं. भिंतीपलीकडून एक खोल घुमणारा आवाज येत होता. ऐकू येण्यापेक्षा छातीत जाणवणारा. लिएनने सबवूफर, म्हणजे खालच्या सुरांचा मोठा स्पीकर, सुरू केला होता. मी पेट्यांच्या फळीवर तळवा ठेवला. फळी त्याच भिंतीत बोल्टने बसवलेली होती आणि ती थरथरत होती.

मी धावत पलीकडे गेले आणि लिएनला आवाज बंद करायला सांगितला. परत आले तेव्हा पडदा दोनशे त्र्याहत्तर दाखवत होता. पुन्हा चालू करायला सांगितला. एकशे ऐंशी. मग मी चाचणी पुन्हा पहिल्यापासून लावली आणि लिएनला म्हटलं की आता नाणं उडवून वीस वेळा बंद-चालू कर, मला सांगू नकोस, फक्त लिहून ठेव. ते घुमणं ऐकू आलं तर स्पीकर कधी चालू आहे ते मला कळेल, म्हणून मी कानांत बोळे घातले आणि नजर पडद्यावर ठेवून आकडे लिहिले.

"मी काय नळ आहे का?" लिएन म्हणाला. पण त्याने केलं. दोन कागद शेजारी ठेवले तेव्हा वीसच्या वीस जुळले.

शांगदादा हे सगळं दारात उभे राहून बघत होते. हार्ड डिस्कचं लिहिणारं डोकं पाण्यावरच्या होडीत बसून सुईत दोरा ओवावा तसं काम करतं, हलवलं की चुकतं आणि पुन्हा प्रयत्न करतं, हे त्यांनीच मला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. बाकीच्या पाच पेट्यांत डिस्कखाली रबर असणार आणि चौथीत नसणार, एवढं आम्हा दोघांनाही न बोलता कळलं. रोजचा मंद आकडा हा दोष होता. वेगाचे तीन दिवस खरे होते.

"छान पकडलंस," ते म्हणाले. मग जरा थांबून, "पण तू आज वर का थांबली होतीस?"

मी म्हटलं, ताईंकडे चला.

त्सेंगताईंच्या खोलीत मी सगळं क्रमाने सांगितलं. आलेख, कार्ड, तिथी, आणि शेवटी भिंत. शांगदादा उभेच होते. माझं झाल्यावर त्यांनी टेबलावरचा कार्डाच्या नोंदीचा कागद उचलला, स्वतःचं नाव तीनदा वाचलं आणि परत ठेवला.

"म्हणजे तुला वाटलं, मी करतोय."

"हो."

"किती दिवस?"

"तेरा."

"आणि शेजारी बसून स्विच शिकत होतीस," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "एकदा विचारलं असतंस तर पेरू खायला जातो एवढं सांगितलं असतं."

ताई म्हणाल्या की तिला मीच गप्प राहायला सांगितलं होतं, आणि आता हा विषय संपला. त्यांनी कागद एकत्र केले. तेव्हा शांगदादा म्हणाले, "संपलेला नाही."

ते खुर्चीत बसले. चौथी पेटी युनहोची आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, ते म्हणाले. पुठ्ठा आकार झाकतो, पंख्याचा आवाज झाकत नाही. तो त्यांनी सात वर्षं ऐकला होता. पेटी ओळखली तर लगेच सांगायचं, हाही नियम आहे. त्यांनी सांगितलं नव्हतं. आजचा वेग बघून काही बोलले नाहीत तेही त्यामुळेच. स्वतःच्या जुन्या पेटीचं कौतुक तोंडून निघेल आणि कुणालातरी शंका येईल, याची भीती वाटली.

ताईंनी विचारलं, आधीच का नाही सांगितलंस?

"तिथून भांडून निघालो होतो," ते म्हणाले. "सांगितलं असतं तर तुम्ही मला बाजूला केलं असतं. मला बघायचं होतं, मी नसताना त्यांनी काय बनवलंय."

मी यादीतले नऊ प्रकार आठवत होते. त्यांत हा नव्हता.

पेटीला हात लावलेला नाही, तेव्हा नोकरी राहील, असं ताईंनी शेवटी सांगितलं. पण शांगची सही असलेली एकही नोंद अहवालात जाणार नाही, सील नवे लागतील, सगळी चाचणी मी एकटीने पहिल्यापासून करायची, आणि त्यांच्या फाइलीत एक टिपण लागेल. शांगदादांनी मान हलवली. ते टिपण त्यांनी तिथेच, स्वतःच्या हाताने लिहून दिलं.

अहवाल दोन महिने उशिरा निघाला. चौथ्या पेटीसमोर दोन आकडे छापले, शांत खोलीतला आणि शेजारी स्पीकर वाजत असतानाचा, आणि खाली एक वाक्य: हिच्या शेजारी गाणी वाजवू नका. चाचणीची पद्धत लिहिताना मी कार्डाच्या नोंदीबद्दलही एक परिच्छेद लिहिला होता. खोलीत एकच माणूस होता म्हणून मी तेरा दिवस त्याच्याकडे बघत राहिले आणि भिंतीकडे पाहिलंच नाही, असा. ताईंनी तो काढला. वाचकाला पेटी घ्यायची असते, म्हणाल्या.

शांगदादा माझ्याशी बोलतात. काही विचारलं तर अजूनही दोनदा समजावून सांगतात. पण चाचणी-खोलीत ते आता एकटे जात नाहीत. साधी केबल आणायची असली तरी दाराबाहेर उभे राहतात, कार्ड हातात असूनही, कुणीतरी येईपर्यंत. परवा मी आत होते. दाराच्या काचेतून ते दिसले. मी खूण केली, या ना. ते आत आले, फळीवरून केबल काढली, ती मला दाखवली आणि गेले. नियम पाळायचा म्हणून असं करतात की मला दिसावं म्हणून, हे मला ठरवता येत नाही. ते गेल्यावर मी फळीवरच्या केबली मोजल्या. एकच कमी होती.